पाचवा उद्गार, कापडावर

आमच्या घरात दोन तऱ्हेची पत्रकं असत. वडिलांची युनियनची, लाल शाईतली, आणि आईची मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची, निळ्या शाईतली. दोन्हींच्या घड्या घालणं हे माझं काम. वाचायला मी त्यांच्यावरच शिकले. आईबरोबर पनवेलच्या एसटी स्टँडवर मी पत्रकं वाटली आहेत आणि त्याच पत्रकांच्या पुड्यांतून लोकांना शेंगदाणे खातानाही पाहिलं आहे. तरी छापील शब्दावरचा विश्वास गेला नाही. पुढे मी स्वतः पत्रकं लिहायला लागले. खाडीतल्या भरावावर लिहिलं, हुंड्यावर लिहिलं, कंत्राटी कामगारांवर लिहिलं. अन्याय दिसला की मला मथळा सुचतो.

त्यामुळे आमच्या पाळकसाहेबांनी तरुण संघाच्या मुलांना चित्रकला शिकव म्हटलं, तेव्हा त्यांनी चुकीचं माणूस निवडलं असं मला वाटलं.

"मी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिलीय, बस्स," मी म्हटलं. "आणि पोटासाठी फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसाचे बॅनर करते. एका बॅनरवर चाळीस चेहरे बसवून दाखवते. ही कला आहे का?"

"चित्रकला नको शिकवूस. चित्रातून बोलायला शिकव," ते म्हणाले. "ही मुलं उपासनेत मागे बसतात आणि मोबाइल बघतात. त्यात काय बघतात? चित्रंच ना? मग आपण का घाबरायचं चित्राला?"

घाबरतो हे खरं होतं. चित्राची पूजा होईल अशी एक जुनी भीती आमच्या पंथात आहे. म्हणून आम्ही चित्राला अक्षरांचा लगाम घालतो. कॅलेंडर असो, लग्नपत्रिका असो, नाहीतर रिक्षाची मागची बाजू, चित्राखाली वचन लागतंच. वचन म्हणजे शास्त्रातली ओळ. वचन नसलेलं चित्र आम्हाला अळणी लागतं.

रविवारच्या उपासनेसाठी आम्ही नवीन पनवेलमधल्या एका शाळेचा हॉल भाड्याने घेतो. तिथल्याच एका वर्गात शनिवारी संध्याकाळी आमचं काम सुरू झालं. पहिल्या दिवशी मी विषय दिला, क्षमा. सगळ्यांनी आधी पट्टी काढली. कागदाचा खालचा भाग आखून घेतला, त्यात ठळक अक्षरांत वचन लिहिलं, आणि उरलेल्या जागेत क्रूस, कबूतर आणि मावळता सूर्य काढला. सगळी चित्रं भिंतीवर लावली तर एकाच माणसाने काढलीत असं वाटत होतं.

मी नियम केला. अक्षर नाही, क्रूस नाही, कबूतर नाही, सूर्य नाही, जोडलेले हातही नाहीत.

"ताई, मग उरलं काय?" मागून एक मुलगा म्हणाला. "कागद?"

"कागद उरला. आणि तू उरलास."

"मी तर त्याहून कोरा आहे."

सगळे हसले. हसू ओसरल्यावर मी दुसरा नियम सांगितला. ज्याचं चित्र, त्याने तोंड बंद ठेवायचं. बाकीच्यांनी चित्रात काय दिसतं ते सांगायचं. काढणाऱ्याला जे म्हणायचं होतं ते इतरांना दिसलं नाही, तर त्याने समजावून सांगायचं नाही. पुन्हा काढायचं.

हा नियम मुलांना फार जड गेला. आमची मुलं साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायला, शिकलेली असतात. कधीही उभं केलं तरी दोन मिनिटं बोलू शकतात. गप्प बसून आपलं चित्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं म्हणजे त्यांना शिक्षा वाटे. एकाने आजीच्या आजारपणाचं चित्र काढलं, ते सर्वांना भाजीचं दुकान वाटलं. तो चिडून लाल झाला, पण बोलला नाही. पुढच्या शनिवारी त्याने फक्त खाट काढली आणि खाटेखाली चपलांचा एकच जोड, धूळ बसलेला. "आजी कधीपासून उठली नाही?" एकीने विचारलं.

या वर्गात बंदराजवळच्या जासईहून एक मुलगी यायची, बारावीतली. तिचं घराणं मूळचं नगरकडचं, पण जासईत वाढल्यामुळे तिच्या बोलण्यात तिथलं "आमी" आणि "नाय" आलं होतं. नवीन पनवेलच्या सेक्टरमधली मुलं त्यावरून तिला चिडवत, आणि ती त्यांना पुरून उरे. तिचे वडील कंटेनरचा ट्रेलर चालवत. बंदराच्या गेटवर गाड्यांच्या रांगेत ते रविवारीही अडकलेले असत, म्हणून उपासनेला क्वचितच येत. आले की दाराशीच कोणीतरी म्हणे, "काय, आज प्रभूची आठवण झाली?" गमतीनेच म्हणत. पण त्या गमतीनंतर ते आणखी दोन महिने येत नसत. तिने हे मला वर्ग झाडताना सांगितलं.

"त्यांना कोण विचारीत नाय का ते कुठे असतात म्हणून," ती म्हणाली. "फक्त विचारतात, इथं का नसतात."

मला लगेच मथळा सुचला. पण मी नियम केला होता. "काढ," मी म्हटलं.

तिला चित्र काढता येत नव्हतं. तिच्या ट्रेलरची चाकं बघून मुलं म्हणाली, "ही चाकं आहेत की तुझ्या हातच्या चपात्या?" पहिल्या चित्रात रस्ता होता, ट्रेलरची रांग होती, ऊन होतं. वर्गाला त्यात अपघात दिसला. दुसऱ्यात बंदर दिसलं. तिसऱ्या खेपेला मी तिला एकच प्रश्न विचारला, "हे बघताना तू कुठे उभी आहेस?"

"रस्त्यावर."

"आणि पप्पा?"

पुढच्या शनिवारी तिने चित्र आतून काढून आणलं. समोर ट्रेलरची काच. काचेपलीकडे पुढच्या कंटेनरची मागची बंद दारं, इतकी जवळ की दुसरं काही दिसतच नाही. खाली स्टिअरिंगवर दोन हात. काचेजवळ आडवी पडलेली रिकामी बाटली. आणि वर छोट्या आरशात दोन डोळे. बघणारा आपोआप ड्रायव्हरच्या जागी बसत होता. चपात्यांचा विनोद करणाऱ्यानेच आधी तोंड उघडलं. "उकडतंय," तो म्हणाला.

त्याच सुमाराला उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, तयारी चालू झाली. त्या दिवशी दुपारी तीन तास उपासना असते. प्रभूने क्रूसावर काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. आमच्याकडे ते सातही जण वर्षानुवर्षं ठरलेले, सगळे पुरुष, सगळे साठीच्या पुढचे. या वर्षी पाळकसाहेबांनी पाचवा उद्गार, तहानेचा, तरुण संघाला दिला. भाषणाऐवजी चित्र. मुलांनी एकमताने तिचं चित्र निवडलं. ते जुन्या पडद्याच्या अस्तरावर मोठं करून रंगवायचं ठरलं. मी दुकानातून फ्लेक्स छापून देते म्हटलं, तर तीच म्हणाली, "नको ताई, फ्लेक्सवर कोणाचा तरी वाढदिवस वाटंल."

तिने वडिलांना सांगितलं होतं की या शुक्रवारी याच. त्यांनी एक खेप दुसऱ्या ड्रायव्हरला देऊन सुट्टी घेतली होती.

पण त्याआधी चित्र पंचमंडळासमोर, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलधाऱ्यांसमोर गेलं. पाचव्या उद्गारावर इतकी वर्षं बोलणारे निवृत्त मुख्याध्यापक तिथे पंच होते. सगळे त्यांना सर म्हणत. त्यांनी कापडाजवळ जाऊन चष्मा वर केला, खाली केला.

"यात प्रभू कुठे आहे?"

त्यांनी आरशावर बोट ठेवलं.

"हे आरशातले डोळे कोणाचे? प्रभूचे का?"

तिने नुसतं हो म्हटलं असतं तरी विषय संपला असता. पाळकसाहेबही तिच्याकडे त्याच आशेने बघत होते.

"नाय सर," ती म्हणाली. "माझ्या पप्पांचे."

"मग बेटा, हे उत्तम शुक्रवारी कसं लावायचं? खाली निदान वचन लिही. लोकांना संदर्भ तरी लागेल."

इथे माझा संयम सुटला. मी म्हटलं की तहान म्हणजे काय हे आपण दरवर्षी पंख्याखाली उभं राहून वीस-वीस मिनिटं सांगतो, आणि ज्याला खरोखर तहान लागते तो दाराशी आला तर त्याला टोमणा मारतो. आणखीही बरंच म्हटलं. शेवटी म्हटलं की वचन नको, हवं तर मी अर्ध्या पानाचं पत्रक लिहून देते, चित्र कसं बघावं यावर, आणि ते आपण प्रत्येक खुर्चीवर ठेवू.

माझी ओढणी मागून ओढली गेली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "पत्रकात अक्षरं नसतात का?"

मुख्याध्यापक मोठ्याने हसले. पहिल्यांदाच. पाळकसाहेबांनी तेवढ्यात निर्णय देऊन टाकला. चित्र लागेल, तसंच. पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही, मग गीत.

"आणि कोणाला काही कळलं नाही," मुख्याध्यापक म्हणाले, "तर पुढच्या वर्षी पाचवा उद्गार माझा."

"चालंल," ती म्हणाली. मला विचारलंही नाही.

उत्तम शुक्रवारी आमच्यातले बरेच जण उपासना संपेपर्यंत पाणीही घेत नाहीत. एप्रिलची दुपार होती. चौथ्या उद्गाराचे वक्ते वेळेपेक्षा खूप जास्त बोलले, तेव्हा लोक आधीच रुमालाने वारा घेत होते. मग दोन मुलांनी कापड पुढे टांगलं आणि बाजूला झाली.

शांतता झाली. माझ्या मागच्या रांगेतल्या बाई कुजबुजल्या, "प्रोजेक्टर बिघडला का गं?" दुसऱ्या म्हणाल्या, "नाही, वाहतुकीच्या नियमांचं काहीतरी दिसतंय." ती मुलगी पहिल्या रांगेच्या टोकाला उभी होती, ओठ घट्ट मिटून. तिचे वडील सर्वांत मागे भिंतीला टेकून उभे होते, इस्त्रीच्या शर्टात. ते चित्राकडे बघत नव्हते. चित्राकडे बघणाऱ्या लोकांच्या पाठींकडे बघत होते.

हळूहळू कुजबुज थांबली. रुमालही थांबले. एका म्हाताऱ्या बाईंनी नकळत आवंढा गिळला, तो मला ऐकू आला. गीताची वेळ झाली तरी गाणारे उठले नाहीत; पाळकसाहेबांना खूण करावी लागली.

उपासना संपल्यावर बाहेर आवारात सरबताचं पिंप ठेवलं होतं. तिचे वडील नेहमीप्रमाणे फाटकाकडे निघाले होते. मुख्याध्यापकांनी त्यांना अडवलं. आता काय ऐकावं लागणार या भीतीने मी पुढे सरकले.

"मला सांगा," मुख्याध्यापक म्हणाले, "बाटली संपल्यावर खाली उतरून पाणी आणता येत नाही का?"

"उतरलो की मागचा पुढं घुसतो, सर. नंबर गेला की रात्र तिथंच."

"मग किती वेळ बसता तसे?"

"तसं काय सांगता येत नाही. परवाचंच घ्या..."

ते सांगायला लागले. हातवारे करून, रांग कुठून कुठे जाते, गेटवर कोण आरडतं, ऊन कोणत्या बाजूने येतं ते. दोघं-तिघं आणखी येऊन उभे राहिले. "तरी खाली एक ओळ हवी होती," मुख्याध्यापक मधेच म्हणाले, आणि त्यांनी लगेच पुढचा प्रश्न विचारला.

कंत्राटदारांबद्दल, कायद्याबद्दल मला चार गोष्टी तिथल्या तिथे सांगायच्या होत्या. मी तोंड उघडलंही. तिने माझा दंड धरला.

"थांबा ना ताई. त्यांचं झालं नाय अजून."

आम्ही दोघी पिंपापाशी उभ्या राहिलो. तिचे वडील बोलत होते.