एकोणतिशीतल्या बाळाचं कार्ड

बालरोगशास्त्राच्या या देशातल्या सर्वांत कडक परीक्षक रत्नागिरीत राहत होत्या, त्यांचं शिक्षण दहावीपर्यंत झालं होतं आणि तोंडी परीक्षा घेताना त्यांचे दोन्ही हात कोलंबी सोलण्यात गुंतलेले असत. हे विधान मी आजवर तीन बालरोगतज्ज्ञांपुढे केलं आहे. दोघं हसले. तिसरा हसला नाही, कारण माझ्यानंतर तो त्याच खोलीत भाड्याने राहिला होता. ती खोली आमच्या घरमालकीणबाईंची. त्यांना सगळा गाव नुसतं 'बाई' म्हणायचा, कारण जयगडच्या बाजूच्या एका बंदरगावात त्यांनी बत्तीस वर्षं अंगणवाडी चालवली होती आणि अंगणवाडीत शिकवणाऱ्या बाईला दुसरं नाव असतं हे पोरांना पुढेही कळत नाही. यजमान होडीवर होते, ते गेले. मुलगी लग्न होऊन पनवेलला गेली. मग बाई निवृत्त होऊन रत्नागिरीत, समुद्राच्या अंगाला उतरणाऱ्या एका गल्लीतल्या चिऱ्याच्या घरात राहायला आल्या आणि त्यांनी मागची खोली मला दिली. मी घाटावरचा, कराडचा. इथल्या एका रुग्णालयात राहून बालरोगाच्या पदव्युत्तर परीक्षेचा अभ्यास करत होतो.

बाईंना सवयी अनेक होत्या, पण मुख्य सवय वजन करण्याची. अंगणवाडीचा काटा सरकारी, तो निवृत्त होताना परत द्यावा लागला. त्यानंतर महिनाभर त्यांना म्हणे जेवण गेलं नाही. शेवटी मुलीने उभं राहायचा एक काटा पाठवला आणि बाई पुन्हा माणसात आल्या. महिन्याच्या पहिल्या तारखेला जो कोणी त्यांच्या उंबऱ्यात पाय ठेवेल त्याला आधी काट्यावर उभं राहावं लागे. पोस्टमन, गॅसवाला, मीटर बघायला आलेला माणूस, कोणालाही सूट नव्हती. एकदा गावाकडचा एक तरुण लग्नाची पत्रिका द्यायला आला, सोबत होणारी बायको. बाईंनी त्याला काट्यावर चढवलं, आकडा पाहिला आणि त्या मुलीकडे वळून समाधानाने म्हणाल्या, "आता बरा हाय. जन्मला तेव्हा दोन किलो शंभर होता. आठ महिन्यांचा झाला तरी मान टाकायचा मेला." तो नवरदेव परत जाताना पायरीवर अडखळला, आणि ती मुलगी मात्र गल्ली उतरेपर्यंत हसत होती.

मीही यातून सुटलो नाही. बाईंकडे अंगणवाडीच्या वजनाच्या कार्डांचा एक जुना गठ्ठा उरला होता. त्यातलं एक त्यांनी माझ्या नावाने भरलं. 'बाळाचे नाव' या जागी माझं नाव, 'वय' या जागी एकोणतीस वर्षे चार महिने. 'स्तनपान सुरू आहे का' हा रकानाही त्यांनी रिकामा सोडला नाही, तिथे ठळक 'नाही' लिहिलं. त्यांना अर्धवट भरलेलं कार्ड बघवत नसे. ते कार्ड बाई आपल्या कपाटात ठेवायच्या आणि माझ्या हाती कधी देत नसत.

दुसरं म्हणजे वय ओळखणं. कुठलंही मूल समोर आलं की बाई त्याचं वय महिन्यात सांगत. मासळी बाजारात एका आईने कडेवरच्या मुलाचं वय दोन वर्षं सांगितलं. बाईंनी बांगड्यांचे डोळे बघता बघता एकदा त्या मुलाकडे पाहिलं. "बावीस महिने," त्या म्हणाल्या. त्या आईने बोटं मोजली आणि म्हणाली, "गणपतीनंतरचा ना, म्हणजे हो, बावीसच." मी घरी येऊन गुपचूप पुस्तक उघडलं. पुस्तकात त्या वयाची एकवीस लक्षणं होती, बाईंनी एवढ्या वेळात त्यातली किती पाहिली असतील याचा मला अजून हिशोब लागलेला नाही. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "मी काय बघतंय? तो दाखवतो."

इतकं सगळं असूनही पहिलं वर्षभर त्या मला "अहो डॉक्टर" म्हणत, चहा बशीतून नव्हे तर कपातून देत आणि माझ्या अभ्यासात तोंड घालत नसत. हा आदर एका दुपारी संपला. मी प्रॅक्टिकलला नापास होऊन परत आलो होतो.

लेखी परीक्षा मी चांगली पास झालो होतो. पुस्तकं मला पाठ होती. प्रॅक्टिकलमध्ये वाढ-विकास तपासायची केस म्हणून एक दीड वर्षाचा मुलगा समोर आला. मी गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून तरातरा गेलो, नवी कोरी पेटी उघडली, त्यातले रंगीत ठोकळे त्याच्यापुढे मांडले आणि खुळखुळा त्याच्या कानाशी वाजवला. पोराने जो टाहो फोडला तो माझी वेळ संपेपर्यंत. परीक्षकांपुढे मी सांगितलं, मूल सहकार्य करत नसल्यामुळे तपासणी होऊ शकली नाही. परीक्षक शांतपणे म्हणाले, "सहकार्य त्याने करायचं होतं का, डॉक्टर?"

हे सगळं मी बाईंना पडवीत बसून सांगितलं. मला वाटलं होतं त्या दोन गोड शब्द बोलतील.

"पोराचा नाव काय?" त्यांनी विचारलं.

"कोणत्या?"

"रडला त्याचा."

"माहीत नाही, बाई. केस नंबर सात."

बाईंनी हातातली कोलंबी ताटात टाकली. "ज्यान तुला नापास केलान तो शहाणा माणूस हाय," त्या म्हणाल्या, आणि त्या क्षणापासून मी 'अहो'चा 'अरे' झालो तो कायमचा.

सहा महिन्यांनी पुन्हा संधी होती. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, या वेळी जमलं नाही तर मुलांचा नाद सोडायचा आणि कराडला मामांच्या दवाखान्यात सर्दी-खोकला बघत बसायचं. मामांनी खुर्चीही घेऊन ठेवली होती. मला बालरोगतज्ज्ञच व्हायचं होतं, दुसरं काही होण्याची कल्पनाही नको वाटायची, आणि हे मी बाईंखेरीज कोणाजवळ बोललो नव्हतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "खुर्चीवर मामाच बसूदे. उद्यापास्ना पाचाला अंगणात ये."

संध्याकाळी पाच वाजता अंगणात गल्लीतली पोरं जमत. एरवी ती बाईंकडे गोष्टी ऐकायला यायची, आता त्यांच्या नकळत ती माझी परीक्षा घेऊ लागली. पहिल्या दिवशी बाई पंचा घेऊन आल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात पाठीमागे बांधले. खरोखर बांधले. "पाच मिनिटां हात लावायचा नाय. बस खाली. खुर्ची नको, जमिनीवर. आणि सांग मला काय दिसला." एम.बी.बी.एस. झालेला माणूस पाठीमागे हात बांधून शेणाने सारवलेल्या अंगणात बसला आहे हे दृश्य कुंपणापलीकडच्या लोकांनी आठवडाभर पाहिलं. कोणीतरी विचारलंच, "काय ओ बाई, डॉक्टरान केलान काय?" बाई म्हणाल्या, "अजून काय नाय केलान, म्हणून तर बांधलाय."

पण गंमत अशी, की हात बांधले की डोळे उघडतात. पंधरा दिवसांत मला दिसू लागलं, की पोरं आपणहून सगळी उत्तरं देतात, आपण मध्ये न बोलण्याचा अवकाश. माझी पेटी बाईंनी पहिल्याच दिवशी बाद केली. ठोकळ्यांच्या जागी रिकाम्या काडेपेट्या आल्या, कारण त्या पोरांच्या ओळखीच्या. चिमटीने उचलायला पुस्तकात मनुका सांगितली होती. "मनुका घशात अडकवतोस काय? कुरमुरा ठेव, तोंडात विरघळतो," बाई म्हणाल्या, आणि मला पुस्तक लिहिणाऱ्यांची थोडी दया आली. एक गोष्ट मात्र त्या रोज बजावायच्या. "दीड वर्षाच्या आत पोराला डावा-उजवा नसतो. एकच हात पुढे येत असला तर दुसऱ्याला विचार, बाबा तू का येत नाहीस." त्यांच्या अंगणवाडीतल्या एका मुलीचं असंच होतं. घरचे कौतुक करत होते, की पोर इतक्या लहानपणी उजव्या हाताने जेवते. बाईंनी तिच्या आईला हाताला धरून मोठ्या रुग्णालयात नेलं होतं. हे सांगताना बाई एवढंच म्हणाल्या, "दोन महिने उशीर केला मी. आदी बघायला हवा होता."

सकाळी तोंडी परीक्षा. बाईंना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून प्रश्न मीच वाचायचा आणि उत्तर मराठीत द्यायचं, तेही समोर त्या मुलाची आई बसली आहे असं समजून. आईचं काम बाई करत. चेहरा कोरा राहिला की उत्तर चूक. "आवशीला कळला नाय म्हणजे तुला पण कळलेला नाय," असा त्यांचा निकाल होता आणि त्यावर अपील नव्हतं. वेळ मोजायला कुकर. तीन शिट्ट्यांत केस सांगून संपली पाहिजे. हृदयाला जन्मतः असणारं छिद्र समजावताना मी इतका रंगलो, की सहा शिट्ट्या होऊन गेल्या आणि डाळ तळाला लागली. बाईंनी ती करपलेली आमटी मला वाढली, स्वतःही तीच जेवल्या, आणि शेवटी म्हणाल्या, "पण भोक कळला हा मला." आयुष्यात मला मिळालेल्या शेऱ्यांमध्ये हा फार वरचा आहे.

परीक्षेचा दिवस आला. माझ्या बॅगेत आठ काडेपेट्या आणि कुरमुऱ्यांची पुडी. वाढ-विकासाच्या केसला आईच्या मांडीवर बसलेली एक लहान मुलगी होती, माझ्याकडे संशयाने बघणारी. मी स्टेथोस्कोप खिशात टाकला, आईला मुलीचं नाव विचारलं आणि जमिनीवर बसलो. आणि सहा महिन्यांची सवय अशी, की माझे हात आपोआप पाठीमागे गेले. तसाच बसून राहिलो. एक मिनिट गेलं, दोन गेली. परीक्षक जवळ आले आणि काळजीने म्हणाले, "डॉक्टर, हात दुखतायत का?"

"नाही सर," मी म्हणालो, "ती येईपर्यंत थांबलोय."

ती आली. आधी मांडीवरून एक पाय, मग दुसरा. कुरमुरा तिने अंगठा आणि बोटाच्या चिमटीत नेमका उचलला. काडेपेटीवर काडेपेटी ठेवली. पुन्हा कुरमुरा, पुन्हा पेटी. सगळं उजव्या हाताने. मी कुरमुरा तिच्या डाव्या बाजूला ठेवला. ती अख्खी वळली, पण हात उजवाच आला. डावी मूठ मिटलेली होती, अंगठा आत. वय चौदा महिने. माझ्या कानात कोणीतरी स्पष्ट म्हणालं, दुसऱ्याला विचार. त्यानंतरच मी तिला हात लावला, आणि डाव्या हातातला, डाव्या पायातला ताठरपणा, सगळं जे सापडायचं होतं ते सापडलं. पोर रडली नाही. परीक्षकांनी जाताना एक काडेपेटी उचलून उलटीपालटी करून पाहिली आणि परत ठेवली.

बाहेर आल्याबरोबर बाईंना फोन लावला. परीक्षा कशी गेली, हे त्यांनी विचारलंच नाही.

"नाव काय तिचा?"

"आफिया."

"आवशीला नीट सांगितलास काय, हाताचा?"

सांगितलं होतं. घंटा झाल्यावर मी परत जाऊन तिच्या आईजवळ बसलो होतो. आजाराचं नाव तिला आधीच कोणीतरी कागदावर लिहून दिलं होतं, पण हाताचा व्यायाम कशासाठी करायचा हे कोणी सांगितलं नव्हतं. मी बाई समोर बसल्या आहेत असं समजून सांगितलं. तिचा चेहरा कोरा राहिला तेव्हा पुन्हा सांगितलं.

पलीकडून बाई म्हणाल्या, "बरा झाला. ये आता घरी, तिसरे केलेत." तिसरे म्हणजे शिंपल्यांतले, मला त्यांची आमटी आवडते हे त्यांना ठाऊक होतं.

निकाल काही आठवड्यांनी लागला. मी पेढे घेऊन धावत गेलो तर बाईंनी एक पेढा उचलला आणि म्हणाल्या, "ता मी कधीच लिवून ठेवलाय." कुठे, ते सांगितलं नाही.

पुढे मी चिपळूणला दवाखाना टाकला. बाईंचे गुडघे गेले आणि मुलीने त्यांना पनवेलला नेलं. निघण्याच्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी तो काटा माझ्या गाडीत ठेवायला लावला आणि एक पाकीट दिलं. त्यात माझं कार्ड होतं. पहिल्या तारखांच्या वजनांपुढे शेऱ्याची जागा होती, ती मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. 'हाक मारल्यावर ओ देतो, चौथ्या हाकेला.' 'वजन दीड किलोने उतरले, भात वाढवला.' नापास झालो त्या महिन्यात, 'रडला. कोणाला सांगू नये.' पुढे, 'पाच मिनिटे न हलता बसतो.' आणि शेवटची नोंद पहिल्या तारखेची नव्हती. ती परीक्षेच्या दिवसाची होती, निकाल लागायच्या कितीतरी आधीची. वजन लिहिलेलं नव्हतं. नुसता शेरा होता: 'आता धरायला नको. आपला आपण चालतो.'

मी गाडीत बसून ते तीनदा वाचलं. माझ्या पदवीचं प्रमाणपत्र दवाखान्यात भिंतीवर आहे, लोक ते बघून आत येतात. हे कार्ड टेबलाच्या काचेखाली आहे, आणि समोर मूल आलं की मी आधी त्याचं नाव विचारतो, मग हात मागे घेऊन थोडा थांबतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला बाईंच्या काट्यावर उभा राहतो आणि पनवेलला फोन करून आकडा कळवतो. बाईंना आता कमी ऐकू येतं, आकडा दोनदा सांगावा लागतो. एक मात्र मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. त्या कार्डावरचा शेवटचा शेरा वाचून मला आनंद झाला तसा थोडा रागही आला होता. बाईंनी इतक्यात हात सोडायला नको होता.