कातरबाईंचं बंदर

जो फुकटचा खेळ सुरू होण्याआधीच नाव, जन्मतारीख आणि ईमेल विचारतो, तो फुकटचा नसतो, असं कातरबाईंचं ठाम मत आहे. "खेळायला आलेय की लग्न जमवायला?" असं पडद्यालाच खडसावून त्या ते पान बंद करतात. पानावरचं सगळ्यात मोठं हिरवं बटण दिसलं की त्यांचा हात मागे येतो, कारण ते हमखास जाहिरातीचं असतं. खरं बटण खाली कुठंतरी अंग चोरून बसलेलं असतं. आणि 'जीव संपले, अर्ध्या तासाने या' असं सांगणाऱ्या खेळाकडे त्या पुन्हा ढुंकूनही बघत नाहीत. उभा जन्म दुसऱ्यांसाठी ताटकळण्यात गेला, आता यंत्रासाठी कोण ताटकळणार!

त्यांची सगळी नोकरी कपड्यांच्या कारखान्यात गेली, कापणीच्या टेबलापाशी. तिथे बसायला स्टूलसुद्धा नव्हतं. कातरबाई हे नाव हातातल्या कात्रीमुळे पडलं की तोंडातल्या जिभेमुळे, यावर तिथल्या बायकांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. नोकरी संपली त्या सुमारास मुलाने ऑफिसातला जुना कॉम्प्युटर घरी आणला. सुनेने त्यांना त्यावर गाड्यांच्या वेळा बघायला शिकवलं. वेळांच्या शेजारीच ठोकळे बसवायचा एक खेळ होता. गाडी राहिली बाजूला, बाई ठोकळ्यांतच उतरल्या.

आता त्या खेळाखाली त्यांचे सल्ले असतात, नावासकट. "मोठे तुकडे आधी बसवा. सदऱ्याची पाठ आणि पोट आधी मांडतात, कॉलर उरल्यासुरल्या जागेत निघते. एक कोपरा मोकळा ठेवा. हात शिवशिवतोय म्हणून तुकडा टाकू नका. आवाज पहिल्यांदा बंद करा, तो तुम्हाला घाबरवायलाच ठेवलाय." एकाने खाली लिहिलं, 'धन्यवाद सर.' बाईंनी उत्तर दिलं, "नावात बाई आहे. खेळताना तरी नीट बघत जा."

शेजारीण एकदा गोड आवाजात म्हणाली, "बरं आहे हो, या वयात मेंदूला व्यायाम. स्मरणशक्ती टिकते म्हणे."

"माझी ठणठणीत आहे. माझ्या पातेल्याचं झाकण तुमच्याकडे आहे, ते तेवढं आणून द्या. आणि मी मेंदूबिंदूसाठी खेळत नाही. मजा येते म्हणून खेळते."

लोकांना हेच पचत नाही. म्हाताऱ्या बाईने औषध म्हणून खेळावं, नातवंडांना शिकवायचं म्हणून खेळावं, सगळं चालतं. नुसतं मजा म्हणून खेळली की सगळ्यांच्या पोटात दुखतं.

पण जीव अडकला होता तो बंदराच्या खेळात. कुणा अनोळखी माणसाने बनवलेला साधा खेळ. गुण नाहीत, घड्याळ नाही, हरणं नाही. होड्या लाकूड आणतात, दगड आणतात आणि आपण किनाऱ्यावर गाव वसवायचं. बाई कित्येक वर्षं ते वसवत होत्या. धक्का, चढणीच्या गल्ल्या, दिव्याचा मनोरा, शाळा. झाडं लावून त्या खेळात काहीच मिळत नाही, तरी त्यांनी धक्क्याच्या कडेने रांगच्या रांग लावली होती. खातं मात्र उघडलं नव्हतं, तत्त्व म्हणजे तत्त्व. त्यामुळे ते अख्खं गाव फक्त या एका कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये राहत होतं.

त्या दिवशी दुपारी बाई गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. मुलाला सुट्टी होती. त्या खाली आल्या तेव्हा तो खुर्चीतून उठत होता. "कॉम्प्युटर फार हळू चालत होता गं, साफ करून ठेवलाय."

बाईंनी बंदर उघडलं. रिकामा किनारा, एक होडी आणि वर प्रश्न, 'तुमच्या बंदराला काय नाव देणार?'

त्यांनी पान बंद करून पुन्हा उघडलं. पुन्हा तोच किनारा. डोळे भरून आले. खेळापायी रडू येतंय याचा त्यांना आणखीनच संताप आला.

सून आतून आली. "आई, काय झालं?"

"गाव गेलं माझं."

मुलगा पाठीमागे उभा राहिला. "खातं उघडलं असतंस तर राहिलं असतं. थांब, आत्ता उघडून देतो."

"हात लावू नकोस." बाई त्याच्याकडे वळल्या. "खेळाच्या खाली एक ओळ आहे. ब्राउझर साफ केला तर बंदर जाईल. मीच तुला वाचून दाखवली होती. हो की नाही?"

तो कॉम्प्युटरमागची वायर सरळ करू लागला.

"मी विचारतेय."

"माहीत होतं मला," तो म्हणाला. "म्हटलं, एकदाचं गेलं की नाद सुटेल तुझा."

"अहो!" सून जवळजवळ ओरडली.

"नाद?" बाईंचा आवाज कारखान्यात चढायचा तसा चढला. "दारू पिते मी? जुगार खेळते? कुणाचं जेवणखाण अडलं माझ्यापायी? माझं मांडलेलं कापड कुणी विस्कटलं असतं, तर मालक असला तरी मी त्याला टेबलापाशी उभा केला नसता. आणि तू माझ्या घरात, माझ्या पाठीमागे?"

मुलगा पलंगाच्या कडेवर टेकला.

"तुला कधी बसलेली पाहिलीच नाही गं मी," तो म्हणाला. "लहानपणापासून बघतोय, तू उभीच. जेवायचीससुद्धा ओट्याशी उभ्याने. आता खोलीत आलो की तू खुर्चीत बसलेली असतेस आणि एकटीच हसत असतेस. मला ते बघवत नाही. काहीतरी बिघडलंय असं वाटतं."

सुनेने बाईंकडे पाहिलं. आता त्या विरघळतील, पोराच्या पाठीवरून हात फिरवतील, असं तिला वाटलं असावं. आत काहीतरी हललं हे खरं, पण बाईंनी राग जाऊ दिला नाही. तो त्यांच्या हक्काचा होता.

"काही बिघडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईला बसता येतं. बघायची सवय कर."

त्यांनी डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि रिकाम्या किनाऱ्यावरची होडी लाकडं आणायला धाडली. मुलगा उठून दाराकडे निघाला.

"आणि चहा तू टाक," पडद्यावरून नजर न काढता बाई म्हणाल्या. "मला आता पुष्कळ वेळ लागणार आहे."