पातळ तळाचे बूट

कोलू मडावीला मी पहिल्यांदा पाहिलं ते ऊर्जानगरच्या रस्त्यावर, चांगलं उजाडल्यावर. आमच्या कॉलनीत बिबट्याचं येणंजाणं असतं, त्यामुळे अंधारात पळायला निघणाऱ्याला इथे कोणी शहाणा म्हणत नाही. मी बावन्न वर्षांचा, वीज केंद्राच्या ऑफिसात बसून बसून गुडघे कुरकुरायला लागलेला, धापा टाकत पळत होतो. हा सडपातळ गडी माझ्या बाजूने इतक्या सहज निघून गेला की मी थांबून बघतच राहिलो.

ओळख झाली, मग रोजची झाली. कोलू मोहर्लीच्या पलीकडच्या एका जंगलातल्या गावाचा, गोंड घरातला. विसाव्या वर्षी तो कंत्राटी कामगार म्हणून आमच्याकडे कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर लागला आणि बारा वर्षं तिथेच राहिला. त्याला व्हायचं होतं वनरक्षक. ज्या जंगलात बकऱ्यांमागे पळत मोठा झाला, तिथेच नोकरीवर परत जायचं, गावी एकट्या राहणाऱ्या आईजवळ, त्याच्या यायोजवळ, एवढंच त्याचं म्हणणं. लेखी परीक्षा तो पास व्हायचा. पाच किलोमीटरच्या धावण्यात जितका वेळ कमी तितके मार्क जास्त, आणि मागच्या भरतीत तो दोन मार्कांनी राहिला होता. या वर्षी वयाची मर्यादा संपत होती. म्हणजे ही शेवटची.

माझे बूट त्याने पहिल्याच आठवड्यात हेरले होते.

"का जी प्रफुल्लभाऊ, या बुटाले बोटं काऊन हाय?"

माझे बूट होतेच तसे. गुडघ्यांसाठी मी ते मागवले होते. तळ पुठ्ठ्याएवढा पातळ, टाच सपाट, प्रत्येक बोटाला वेगळी जागा. उघड्या पायाने पळल्यासारखं वाटावं म्हणून बनवलेले. मला नवीन काही कळलं की ते दुसऱ्याला समजावून सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, ही माझी जुनी खोड. मी त्याला व्हिडिओ दाखवले. जाड बुटांनी माणसाचा पाय कसा आळशी होतो ते ऐकवलं. आणि वर म्हणालो, "लोकं आता हजारो किलोमीटर दूर बसून जे शिकून राह्यले, ते तुले जन्मापासून येते. तुहा पाय जंगलातला हाय."

खोटं वाटू नये म्हणून माझा बापही मध्ये आणला. आरमोरीला धानाच्या बांधीत जन्मभर अनवाणी राहिलेला माणूस, शेवटपर्यंत पाय दुखले म्हणून तक्रार नाही. कोलू ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून दिसतं. बारा वर्षांत त्याच्या गावाची, त्याच्या जातकुळीची एखादी गोष्ट कोणी कॉलनीत चांगली म्हणून सांगितली नसेल.

माझ्याकडे दुसरा जोड होता, तो मी त्याला दिला. भरतीला सहा आठवडे उरले होते.

बुटांच्या खोक्यात एक चिठ्ठी होती. सुरुवातीला दिवसाला दहाच मिनिटं पळा, मग हळूहळू वाढवा, पायाला सवय व्हायला कित्येक महिने लागतात. मी स्वतः आठ महिने घेतले होते. कोलूने ती वाचून मला विचारलं, "भाऊ, असं काऊन लिहून हाय?"

"ते आमच्यासारख्या ऑफिसातल्यांसाठी," मी म्हणालो. "तुले कायले?"

दुसऱ्या दिवसापासून तो ते बूट घालून पूर्ण पाच किलोमीटर पळू लागला.

पहिले दोन आठवडे मी अगदी फुशारलो होतो. वेळ बावीस मिनिटांवरून एकवीसवर आली. पोटऱ्या दुखतात म्हणाला, ते साहजिक होतं. तिसऱ्या आठवड्यात उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या थोडं मागे दुखू लागलं. मी दाबून पाहिलं तर तो कळवळला, पण हसून म्हणाला, "पायाले जुनं आठवून राह्यलं भाऊ."

"आठवू दे," मी म्हणालो.

भरतीच्या दिवशी मी रजा टाकून मैदानाबाहेर उभा होतो. तीन किलोमीटरपर्यंत कोलू पहिल्या चारात होता. चौथ्या किलोमीटरला त्याचा पाय एकदम वेगळाच पडला. तो खाली बसला नाही. एका पायावर भार देत, खुरडत, शेवटपर्यंत आला. तोवर ठरलेली वेळ संपून गेली होती आणि पुढच्या तुकडीला उभं करत होते.

एक्स-रेत दुसऱ्या बोटामागचं हाड मोडलेलं दिसलं. डॉक्टर म्हणाले, बारीक चीर दोन-तीन आठवड्यांपूर्वीचीच असणार. मग त्याच्या बोटांकडे बघत विचारलं, बूट किती वर्षांपासून घालतो? कोलूला वाटलं माझ्या बुटांबद्दल विचारतात. त्यांना विचारायचं होतं कामावरच्या बुटांबद्दल, पुढे लोखंडी टोपी असलेल्या, जाड तळाच्या. बारा वर्षं, रोज आठ-दहा तास. मी जंगलातला पाय म्हणत होतो तो कधीच गेला होता आणि मी त्याकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं.

मोहफुलं पडायला लागली तेव्हा मी त्याच्या गावी गेलो. माफी मागायला गेलो होतो, हे कबूल करतो. प्लास्टर नुकतंच निघालं होतं. कोलू अंगणात बाजेवर बसला होता आणि त्याची आई, मंगलीबाई, मोहाची टोपली उतरवून ठेवत होती. ती अनवाणीच होती. तिने मला पाणी दिलं आणि लेकाशेजारी बसली. दोघांचे पाय जमिनीवर बाजूबाजूला आले. तिची बोटं पंजासारखी फाकलेली, एकेक वेगळं रोवलेलं. त्याची बोटं एकमेकांवर चढलेली, टोकाला निमुळती, बुटाच्या मापाची.

"बाई, माह्यामुळं झालं हे," मी म्हणालो.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"जानेवारीत सुट्टीले आला, तवाच मी याले म्हटलं होतं," ती म्हणाली. "बापू, तुहे पाय आता इथचे नाई राह्यले, कंपनीचे झाले. थे बूट घालून नोको धावू. तं हा मले म्हने, यायो, तुले नाई समजत. प्रफुल्लभाऊ शिकलेले हाय. थे म्हनते, माहे पाय इथचेच हाय."

कोलू खाली बघत होता. मी त्याच्याकडे पाहिलं तसा तो उठला, लंगडत आत गेला आणि पिशवी घेऊन आला. आत माझा दिलेला जोड होता, स्वच्छ धुतलेला.

"हे बूट कोनाच्या कामी येतीन," तो म्हणाला. "मी सोमवारपासून पट्ट्यावर येऊन राह्यलो भाऊ."