खुंट्या मोजणारी मासी

खोलीत शिरल्यावर ती माणसांकडे बघतच नसे. आधी भिंतीकडे बघायची. डावीकडून उजवीकडे मान फिरायची, ओठ पुटपुटायचे, आणि मग कुठे समोरच्याला म्हणायची, "काय भाऊ, बरं शे ना?" तोवर तिची निम्मी पाहणी उरकलेली असायची.

आमचं सुरतेतलं अभ्यास केंद्र म्हणजे जेमतेम तीन खोल्या. गावं सोडून इथे येणारी माणसं कुठे राहतात, त्यांच्यापर्यंत पालिका पोचते का, भांडणं झाली की कोण पळतं, हे शोधणं आमचं काम. ती वस्तीत फिरून माहिती आणायची. मूळची अमळनेरकडची, लग्न होऊन इथे आलेली, ऐन उमेदीची वर्षं लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरण्यात गेलेली. शिक्षण सातवी. शिपायापासून सरांपर्यंत सगळे तिला मासी म्हणत. सर तिच्याहून वयाने मोठे होते, पण तेही.

मी वर्ध्याहून अर्थशास्त्रात एम.ए. करून आले होते. माझ्याकडे पदवी होती, नवी बॅग होती आणि अक्कल बेताचीच होती. पहिल्याच दिवशी गोडादरा नावाच्या कामगार वस्तीतल्या एका खोलीत आम्ही गेलो. सकाळचे अकरा वाजले होते आणि सहा जण ओळीने झोपले होते. मी फॉर्मवर लिहिलं, राहणारे : सहा.

मासीने फॉर्म माझ्या हातातून घेतला. "सहा कोनी सांगितले?"

"दिसताहेत ना समोर."

"मानसं मोजू नको बेटा, खुंट्या मोज."

भिंतीवर बारा खुंट्या होत्या. प्रत्येकीवर एक शर्ट, एक टॉवेल. "सहा झोपेल शेतस, सहा कामवर शेतस," ती म्हणाली. "संध्याकाळले हे उठतीन, ते येतीन. चटई तीच, मानूस बदलस."

तुम्हीही कधी पाहणीच्या कामाला गेला असाल, तर तुम्हाला कळेल मला किती लाज वाटली. आमच्यासारखे शिकलेले लोक दिवसा फिरतात, दिवसा मोजतात आणि निम्मी वस्ती कागदावरून गायब करतात. मग त्याच कागदांवरून नळ किती आणि संडास किती, ते ठरतं.

त्याच फॉर्ममध्ये 'कुटुंबप्रमुख' असा एक रकाना होता. मासीला त्याचं भारी हसू यायचं. एकदा तिने बारा जणांच्या खोलीत तो प्रश्न मोठ्याने वाचला, तर सगळ्यांनी चपात्या लाटणाऱ्याकडे बोट दाखवलं. तिनेही तसंच लिहून आणलं. सरांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "तो रुसला तर सगळा उपाशी. मंग प्रमुख कोन?" सरांनी तो रकाना तसाच राहू दिला.

पुरुषांच्या खोल्यांत ती बिनधास्त शिरायची. आत गेल्या गेल्या खरकट्या भांड्यांवरून अशी काही झापायची, की पोरांना आपली आईच गावाहून आली असं वाटावं. झापून झालं की ती पाणी मागायची. पाणी पिताना माणसं बोलायला लागत, आणि मी खाली मान घालून लिहीत सुटायची.

पण मला सांगायचं आहे ते एकोणीस खुंट्यांबद्दल.

मासीच्याच वस्तीत एके दिवशी नळावर भांडण झालं. एका बाजूला खानदेशातली, म्हणजे तिच्याच बोलीतली काही पोरं. दुसऱ्या बाजूला लांबच्या राज्यातून आलेले कामगार. बादलीवरून सुरू झालेलं भांडण काठ्यांवर गेलं. दोघांची डोकी फुटली. पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली आणि चार दिवसांत सगळं शांत झालं. वॉर्डाची बैठक ठरली आणि आमच्या केंद्राकडे एका पानाची टिपणी मागितली गेली. वस्ती सोडून कोणी गेलं आहे का, एवढंच सांगायचं होतं. कोणी गेलं नाही असं ठरलं असतं तर गाडी निघून गेली असती, रिकाम्या जागा नव्या भाडेकरूंना मिळाल्या असत्या, आणि पळालेल्यांना परतायला जागाच उरली नसती.

आम्ही गेलो. त्या लांबच्या कामगारांच्या घरमालकाने खुर्च्या मांडल्या, थंड मागवलं. "बधा नोकरी पर छे, बेन. कोई गयुं नथी." सगळे कामावर आहेत, कोणी गेलेलं नाही, असं त्याचं म्हणणं.

मासी भिंतीकडे बघत होती. "नोकरी पर टुवाल लेके जाते क्या, शेठ? आरसा लेके जाते? देव का फोटो?"

जिथे फोटो होता तिथे भिंतीवर एक फिकट चौकोन राहिला होता. कामावर गेलेल्याचं काही ना काही खुंटीवर राहतंच, ती मला म्हणाली. पळालेला सगळं काढून नेतो. खोल्यांमागून खोल्या आम्ही पाहिल्या. शेजारी डोळ्याला डोळा देत नव्हते. एकोणीस खुंट्या रिकाम्या निघाल्या.

संध्याकाळी मी तिच्या घरी चहा घेत होते. तेवढ्यात तिचा दीर आला. काठ्या घेणाऱ्यांत त्याचा मुलगा होता, हे मला तेव्हा कळलं.

"वहिनी, आपलाच पोरेसले अडकावतस का तुम्ही?"

"मी कोनंच नाव लिखं नही भाऊ," मासी म्हणाली. "रिकाम्या खुंट्या लिख्यात."

तो चहा न घेता गेला. मासी कपबशी विसळायला उठली. मग मला म्हणाली, "मी पन पहिल्यांदा आली तवा हीच धास्ती होती. कोनी हाकलून दिलं तर जायचं कुठं?"

दुसऱ्या दिवशी सरसुद्धा जरा कचरले. "आपण 'काही स्थलांतर झाले' असं लिहू या," ते म्हणाले. मासीने विचारलं, "काही म्हंजे किती?" सरांनी चष्मा पुसला आणि एकोणीस लिहिलं. त्या दिवशी मला सरांचाही अभिमान वाटला.

बैठक शाळेच्या हॉलमध्ये होती. अधिकाऱ्यांनी वाचून दाखवलं की वस्ती शांत आहे, कोणीही गेलेलं नाही. मासी पदर खोचून उभी राहिली. "साहेब, एकोनीस खुंट्या रिकाम्या हायेत."

लोक हसले. अधिकारीही हसले. तिने हसणं संपू दिलं, मग एकेक खोली घेऊन सांगितलं. कुठल्या भिंतीवर किती खुंट्या, कशावर काय आहे, कशावर काही नाही. हॉलमध्ये तिचा दीर बसला होता, भाऊबंद बसले होते. शेवटी ती म्हणाली, "महिनाभर त्या खोल्या कोनाले देऊ नका. मानसं भीतीनं गेली हायेत, हौसेनं नाही." हसू कधीच थांबलं होतं. खोल्या महिनाभर राखून ठेवायचं ठरलं आणि पोलिसांची गाडीही राहिली. माझ्या छातीत त्या क्षणी जे भरून आलं, ते पदवी घेतानाही आलं नव्हतं.

एकोणीसपैकी चौदा जण परत आले. त्यांना आणायला दोन्ही बाजूंची वडीलधारी माणसं स्टेशनवर गेली होती. मासी खोल्यांमधून पुन्हा फिरली आणि शर्ट मोजून आली. पाच खुंट्यांचं तिला शेवटपर्यंत वाईट वाटत होतं.

तिला याची किंमत मोजावी लागली. खानदेशात श्रावणात कानबाई देवी बसते, तिच्या प्रसादाचे रोट भाऊबंदांनीच एकत्र बसून खायचे असतात. त्या वर्षी मासीला रोटांना बोलावणं आलं नाही. "मनं पोट भरेल शे," ती म्हणाली, आणि दिवसभर ऑफिसात फॉर्म लावत बसली. मी तिच्यासमोर डबा ठेवला, तर तिने तो माझ्याकडेच सरकवला. पुढच्या श्रावणात मात्र दीर स्वतः बोलवायला आला. ती नवं लुगडं नेसून गेली, आणि तिने त्याला एका शब्दाने टोचलं नाही.

आमच्या ऑफिसात खुंट्या नव्हत्या. मासीनेच एक दिवस हातोडी आणून सात ठोकल्या, माणसं सात म्हणून. गेल्या वर्षी तब्येत बिघडल्यावर ती उपचारासाठी लेकीकडे धुळ्याला गेली. जाताना पिशवी घेतली, पण हिरवा रुमाल आणि छत्री खुंटीवर ठेवून गेली. मी आठवण केली तर म्हणाली, "राहू दे. येनार शे मी."

ती आली नाही. लेकीचाच फोन आला.

आता नवी मुलं पाहणी शिकायला आली की पहिल्या दिवशी मी त्यांना विचारते, या ऑफिसात किती माणसं काम करतात? ती टेबलं बघतात, आम्हाला बघतात आणि सहा म्हणतात.

"भिंतीकडे बघा," मी म्हणते.

ती मान फिरवतात, छत्रीपाशी थांबतात, माझ्याकडे बघतात. मी त्यांना सात लिहायला सांगते.