खिडकीची चौथी बाजू

नवरा गेल्यानंतर काही आठवड्यांनी मला घरात पहिल्यांदा तो वास आला. संध्याकाळी उमरेडच्या ऑफिसातून एस.टी.नं नागपूरला परत आले होते. चपला काढून आत पाऊल टाकलं आणि मागच्या खोलीकडून तो आला. आंबट, नाकात चढणारा, व्हिनेगरची बाटली उघडल्यासारखा. मी भिंतीला हात लावून तशीच उभी राहिले. आमच्या घरात असा वास फक्त नवऱ्यामुळे यायचा.

तो एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होता आणि घरातली डागडुजी दुसऱ्या कुणाला करू द्यायचा नाही. बेसिनच्या कडेची फट, ओट्यामागची भेग, न्हाणीतल्या फरशीचे सांधे, सगळं तो स्वतः पांढऱ्या सिलिकॉननं बुजवायचा. महाल भागातल्या हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची लांब नळी आणायची, ती दाबायच्या गनमध्ये बसवायची, टोक तिरपं कापायचं, रेघ ओढायची आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट तिच्यावरून एका दमात फिरवायचं. रेघ ताजी असेपर्यंत तो आंबट वास सुटतो. एकदा घट्ट झाली की जातो.

उघडलेली नळी लोक तशीच कोपऱ्यात टाकतात आणि पुढच्या वेळी तिच्यातून काही निघत नाही. आमच्याकडे तसं कधी झालं नाही. काम संपलं की तो आधी गनचा दाब सोडायचा, टोकातून थोडं सिलिकॉन बाहेर येऊ द्यायचा आणि त्यातच एक लांब स्क्रू पिळून बसवायचा. त्यावर प्लास्टिकची पिशवी, पिशवीला घट्ट रबर. मग नळी घट्ट झाकणाच्या उभ्या स्टीलच्या डब्यात जायची. डब्याच्या तळाशी फडक्यात बांधलेले कोरडे तांदूळ असायचे.

"तांदूळ काहून?" मी एकदा विचारलं होतं.

"अवं, हे वाळत नाही. आपल्याले वाटते वाळलं. हवेतली ओल खाऊन घट्ट होते हे. ओल नाही भेटली तं कितीक महिने जिवंत राहते." आणि डबा कूलरपासून लांब, उंच फळीवर ठेवून दिला.

त्या उन्हाळ्याच्या तोंडावर त्यानं मागच्या खोलीची खिडकी हाती घेतली होती. अ‍ॅल्युमिनियमची चौकट आणि भिंत यांच्यात जेमतेम कागद सरकेल एवढी फट पडली होती. तिथून उन्हाळ्यात धूळ यायची, पावसाळ्यात पाणी. एका रविवारी तीन बाजू झाल्या. चौथी राहिली, कारण मी जेवायला हाक मारली. "होते पुढच्या रविवारी," म्हणून त्यानं स्क्रू बसवला, डबा फळीवर ठेवला आणि हात धुऊन पानावर बसला. त्याच आठवड्यात कॉलेजात त्याच्या छातीत कळ आली. मी उमरेडहून दवाखान्यात पोचले तेव्हा त्याचं घड्याळ आणि चष्मा माझ्या हातात दिला गेला.

तर तो वास आला तेव्हा मी मागच्या खोलीत गेले. खिडकीच्या चौथ्या बाजूला एक पांढरी रेघ होती. ताजी. मी बोट लावलं, बोटाला चिकटलं. फळीवर डबा जागच्या जागी. झाकण उघडलं तर रबर, पिशवी, स्क्रू, सगळं त्याच्याच पद्धतीचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येऊन पाहिलं तर रेघ नव्हती. फट होती तशी उघडी.

हे कुणाला सांगावं? घरात मी आणि सासरे दोघंच. सासरे छप्पन साली आईच्या कडेवर बसून धम्मदीक्षेला गेलेले. ते कळतं झाल्यापासून आमच्या घरात देवऋषी, उतारा, लिंबू-मिरची यातलं काही शिरलं नाही. नंदनवन वस्तीतल्या आमच्या विहारात रविवारी मुलांना जमवून ते सांगायचे, "भूत-बित काही नसते गा. डोक्यातला गोंधळ असते तो." मुलाच्या मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी शेजारच्या एका बाईनं दाराला काहीतरी बांधायला आणलं, तेव्हा त्यांनी हात जोडून तिला परत पाठवलं होतं. अशा माणसासमोर जाऊन मी काय म्हणणार होते? की तुमचा मुलगा उरलेलं काम करायला येतो म्हणून?

आठवड्याभरात पुन्हा वास आला. पुन्हा रेघ, आणि पुन्हा ती गेली. मग हे चालूच राहिलं. मी भ्यायले, खोटं कशाला सांगू. बसनं उमरेड सोडलं की नागपूर येऊच नये असं वाटायचं. पण पुढे पुढे भीतीत दुसरंच काही मिसळलं. बस नागपुरात शिरली की मी श्वास ओढून बघायची, जणू तो वास तिथपर्यंत येणार होता. घरी आल्यावर वास नसला की जेवण जायचं नाही. एकदा तर मी त्या ताज्या रेघेजवळ तोंड नेऊन म्हटलं, "एवढं येता, तर दिसत काहून नाही?" समोरच्या खोलीत सासऱ्यांचं वर्तमानपत्र वाजलं आणि मी गप्प झाले.

आम्ही दोघं त्याच्याविषयी बोलतच नव्हतो. भाजी काय करू, गोळी घेतली का, कूलरमध्ये पाणी टाकलं का, एवढंच. त्याचं नाव दोघंही टाळायचो.

मग वैशाखातल्या एका दुपारी आमच्या ऑफिसची लाईट गेली, इन्व्हर्टरही बसला आणि साहेबांनी सगळ्यांना सोडलं. मी भर उन्हात घरी पोचले. समोरची खोली रिकामी होती. मागच्या खोलीत सासरे स्टुलावर उभे होते आणि नखानं खिडकीची पांढरी रेघ सोलून काढत होते. ती रबरासारखी लांबच्या लांब सुटून त्यांच्या मुठीत गोळा होत होती.

"बाबा?"

ते दचकले, स्टूल डुगडुगलं. मी धावत जाऊन त्यांचं कोपर धरलं आणि त्यांना खाली उतरवून खाटेवर बसवलं.

"तू काहून आली आज लवकर?"

"ऑफिसातली लाईट गेली. तुम्ही काय करून राहिले हे?"

त्यांनी मुठीतलं रबर मांडीवर ठेवलं.

"लावतो अन् काढतो," ते म्हणाले.

"काहून पण?"

"त्या फटीतून आवाज येते, पोरी. दुपारची गरम हवा सुटली का येते. तो आंघोळीच्या वक्ताले गुणगुणे ना, तसा. शब्द नाही राहत. नुसता सूर." त्यांनी मान हलवली. "मले कळते. फट हाय, हवा जाते, वाजते. पहिल्या दिवशी मी असंच म्हटलं अन् बंद करून टाकलं. पण बंद केल्यावर घर असं मुकं झालं का मले बसवेना. दुसऱ्या दिवशी काढून टाकलं."

"मग परत काहून लावता?"

त्यांनी चेहरा खिडकीकडे वळवला.

"आवाज आला का मी त्याच्याशी बोलतो. जनमभर लोकायले सांगतलं भूत नसते म्हणून, अन् आता भिंतीशी बोलून राहिलो. मंग लाज वाटते. मंग लावतो."

मी फळीवरच्या डब्याकडे पाहिलं. माझी नजर त्यांना कळली.

"त्यानंच दाखवलं होतं मले, नळी कशी ठेवायची ते. नळी घट्ट झाली तं मंग एकच काहीतरी राहीन ना. फट बंदच, नाही तं उघडीच. मले दोन्ही नाही सहन होत."

मग मी त्यांना माझं सांगितलं. वास, रेघ, बस, सगळं. ते ऐकताना त्यांचा हात मांडीवरच्या रबरावर घट्ट मिटत गेला.

"भेव नाही वाटलं तुले?"

"वाटलं. पण वास नाही आला त्या दिवशी जास्त वाटलं."

त्यांचे डोळे भरले. मुलगा गेल्यापासून ते माझ्यासमोर रडले नव्हते. मी त्यांच्या शेजारी बसले. थोड्या वेळानं बाहेर हवा वाढली, समोरच्या गच्चीवरचे पत्रे हलले आणि त्या फटीतून खरंच एक बारीक सूर निघाला. चढायचा, अर्ध्यावर थांबायचा, पुन्हा खालून सुरू व्हायचा. तो नळाखाली डोकं धरायचा तेव्हा त्याचं गुणगुणणं असंच तुटायचं. सासऱ्यांनी विचारलं, "येते ना ऐकू?" मी म्हटलं, "येते."

त्या उन्हाळ्यात मग आम्ही फट उघडीच ठेवली. नळीची काळजी मात्र दोघं घ्यायचो. मी डब्यातले तांदूळ तव्यावर कोरडे करून बदलले, ते मधून मधून पिशवीचं रबर तपासायचे. पावसाळा लागला आणि चौथ्या बाजूनं पाणी आत यायला लागलं. आधी रंगाला फुगे आले, मग ओल भिंतीतून खाली खिडकीखालच्या बटणांच्या बोर्डापर्यंत उतरली. एका सकाळी पंख्याचं बटण दाबताना सासऱ्यांना करंट लागला. फार नाही, पण ते दिवसभर हात धरून बसले.

मी डबा काढला. स्क्रू पिळून बाहेर आला, पण गनचा घोडा दाबला तर काही हलेना. तव्यावर तापवलेल्या तांदळालाही त्या पावसातली ओल अडवता आली नव्हती. मी सुरीनं नळी चिरली. आत टोकापासून बुडापर्यंत पांढरं, एकसंध रबर.

सासऱ्यांनी ते हातात घेऊन दाबून पाहिलं. "गेली," एवढंच म्हणाले.

पावसानं उघडीप दिली त्या शनिवारी मी महालातून नवी नळी आणली. भिंत वाळू दिली, फडक्यानं फट पुसली.

"तुम्ही लावता?"

"नाही. तू लाव."

मी कधी लावलं नव्हतं, पण त्याला इतक्यांदा पाहिलं होतं की हाताला माहीत होतं. मी स्टुलावर चढले आणि वरून खाली रेघ येत गेली. वीतभर फट उरली तेव्हा ते म्हणाले, "थांब जरा. उतर."

मी उतरून स्वयंपाकघरात गेले आणि नळ मोठा सोडला, म्हणजे मला काही ऐकू येऊ नये. तरी दारातून दिसलंच. ते चौकटीला कपाळ टेकून, त्या उरलेल्या फटीशी तोंड नेऊन काहीतरी सांगत होते. मध्ये थांबत होते, ऐकत होते, पुन्हा सांगत होते. मग त्यांनी हाक मारली, "ये वं, लाव आता."

मी उरलेलं लावलं आणि बोट फिरवलं. पुढे दोन दिवस वास राहिला. त्यानंतर ती खोली गप्प झाली. सासऱ्यांनी आपली खाट तिथंच हलवून घेतली आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना नीट झोप लागायला लागली. मला मात्र अजूनही कधी कधी न्हाणीत नळ चालू असला की तो बंद करून ऐकत थांबावंसं वाटतं. मी थांबते. बाहेर कुणाची तरी स्कूटर जाते.

हिवाळ्यात विहारातून एक बाई सुनेला घेऊन आमच्याकडे आली. सुनेची आई नुकतीच गेली होती, आणि पोरगी म्हणे रोज दुपारी अंगणात आई भांडी घासताना ऐकते. "तुम्हीच सांगा हिले, काही नसते म्हणून," सासू म्हणाली.

पूर्वीचे सासरे हसून, पाठीवर हात ठेवून दोन वाक्यांत सांगून मोकळे झाले असते. या वेळी त्यांनी मुलीला समोर बसवलं.

"कोणती भांडी घासते?" त्यांनी विचारलं.

मुलीनं चमकून वर पाहिलं. मग हळूहळू सांगायला लागली. भांड्यांत पितळेचा एक उभा गंज होता, आईच्या माहेरचा. तो राखेनं घासताना बांगड्या त्याच्यावर वाजायच्या. मी चहा घेऊन दारापर्यंत आले होते. सासऱ्यांनी माझ्याकडे न बघता हातानंच थांबायची खूण केली. ती अजून बोलत होती.