शामलाबाईंचा वनवास आणि डिसेंबरची तिकिटं

नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या शामला देवस्थळींना वनवास भारी प्रिय. भोगायला नव्हे, सांगायला. कढीपत्ता मिळाला नाही, वनवास. सायकलवर पावसात भिजल्या, वनवास. तिथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात "चौदा वर्षं झाली हो वनवासाला," असं त्या म्हणाल्या की बाकीच्या बायका मान डोलावत आणि दुसरा बटाटेवडा उचलत.

तर या शामलाबाई, उन्हाळ्यात स्पेनला जायचं म्हणून, वाचनालयातल्या स्पॅनिशच्या वर्गाला जाऊ लागल्या. शिकवायला इनेसबाई, सत्तरी ओलांडलेल्या, मूळच्या चिलीच्या. वर्ग सुटला की त्या शामलाबाईंना घरी कॉफीला नेत, आणि दोघींची चांगली गट्टी जमली. एका मंगळवारी त्यांनी दोन रकान्यांचा कागद वाटला. डावीकडे स्पॅनिश, उजवीकडे इंग्रजी. 'एक्सिलिओ'समोर एक्झाइल, 'देस्तेर्रादा'समोर बॅनिश्ड, 'वोल्वेर'समोर रिटर्न. यातला शब्द घेऊन स्वतःबद्दल एक वाक्य लिहा, म्हणाल्या.

एक्झाइल म्हणजे आपला वनवासच, असं धरून शामलाबाईंनी झोकात लिहिलं, 'मी चौदा वर्षं एक्सिलिओत आहे.'

इनेसबाईंनी वाचलं. चष्मा काढला. उठून आल्या आणि त्यांनी शामलाबाईंना घट्ट मिठी मारली.

"कोणी हाकललं तुला?"

उत्तराची वाट न पाहता इनेसबाई हलक्या आवाजात स्वतःचं सांगू लागल्या. एकोणिसाव्या वर्षी लष्करानं त्यांना देशाबाहेर काढलं. पासपोर्टवर परतीची बंदी. आई गेली तेव्हा फोनवर फक्त घरच्यांचं रडणं ऐकलं. "शनिवारी आम्हा निर्वासितांची सभा आहे. तू बोल," म्हणाल्या आणि बोलणाऱ्यांच्या यादीत शामलाबाईंचं नावही लिहिलं.

शामलाबाई घरी आल्या त्या पांढऱ्याफटक चेहऱ्यानं. नवरा अंबरीश, वीज कंपनीतला इंजिनिअर, सगळं ऐकून म्हणाला, "अगं, रामसुद्धा विमानानंच परतला. पण चौदा वर्षांनी, एकदाच. आपली डिसेंबरची तिकिटं परवा काढली मी. खिडकीजवळची सीट मागितली होतीस."

एरवी शामलाबाईंनी लाटणं दाखवलं असतं. आज त्या मनाशी हिशेब मांडू लागल्या. खरं लपवून शनिवारी सभेत बोलायचं, तर त्या बाईच्या आईच्या मरणाशी खोटं बोलल्यासारखं. खरं सांगायचं, तर चौदा वर्षांत परक्या मुलखात मिळालेली एकुलती एक खरी मैत्रीण जाणार.

गुरुवारी त्या इनेसबाईंच्या दारात उभ्या राहिल्या. उभ्याउभ्याच सांगून टाकलं. आमच्याकडे असं म्हणायची सवय आहे. मला कोणीच हाकललं नाही. नवऱ्याला नोकरी लागली, म्हणून आले.

"घरी जातेस?"

"दर डिसेंबरला."

"विमानतळावर कोणी अडवत नाही?"

"येताना अडवतात," शामलाबाई पुटपुटल्या. "लोणच्यासाठी."

इनेसबाई हसल्या नाहीत. यादी आणली, शामलाबाईंच्या देखत नावावर रेघ मारली. मग तोच दोन रकान्यांचा कागद पुढे सरकवला. "पुन्हा लिही."

शामलाबाईंनी 'वोल्वेर' घेतलं. 'मी दर डिसेंबरला परत जाते.' इनेसबाईंनी क्रियापद सुधारलं, खाली बरोबरची खूण केली आणि ते वाक्य बराच वेळ वाचत राहिल्या.

"मंगळवारी ये," म्हणाल्या.

कॉफी मात्र त्या दिवशी विचारली नाही.