झरीन सायकलवरून उतरते

माझी झरीन सास्तूरहून रोज सायकलनं शेजारच्या गावातल्या दवाखान्यात कामाला जाते. ट्रक, कुत्री, बाभळीचे काटे, सगळ्यांचीच मला धास्ती; पण तिला उशीर होतो तो चौकातल्या चहाच्या टपरीपाशी. तिथं बाकावर म्हातारी मंडळी बसलेली असतात, आणि वडीलधाऱ्यांसमोरून सायकलवर बसून जायचं नाही, ही माझीच शिकवण. ती उतरते, सलाम करते. मग बिराप्पाअण्णा विचारतात, "चेन पडली का गं?" रामहरीकाका तिचं उत्तर न ऐकताच चेन काढून पुन्हा बसवतात. जैनोद्दीनचाचा दोन्ही चाकं दाबून हवा बघतात.

गेल्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी बजावलं, "आता उशीर केलास तर दुसरी मुलगी बघेन." झरीननं रडवेल्या आवाजात हे चाचांना सांगितलं.

"मग उतरू नको की!"

"अम्मी रागावते."

चाचांनी दाढी खाजवली. "तर मग आमी पाठ करून बसतो. पाठीला कोण सलाम करतंय?"

आज मी मुद्दाम बघायला गेले. तिघंही चहाचे कप धरून, भिंतीकडं तोंड करून गुमान बसले होते. झरीन आली ती वाऱ्यासारखी, आणि समोरून उसाचा ट्रॅक्टर. मी ओरडले, "अगं, हळू!"

तिघंही एकदम वळले. झरीननं करकचून ब्रेक दाबला, खाली उतरली आणि सलाम केला.

"गुलबानो," चाचा मला म्हणाले, "पोरीला जाऊ दे. उद्यापासून तू बी आमच्यासंगं भिंतीकडं तोंड करून बस."